साबण खाणारे पाणी : एका वसतिगृहातील धुण्याचे प्रकरण

2016 च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातील आमच्या तालुक्याच्या गावी नळाचे पाणी आधी आठवड्याने, मग पंधरवड्याने येऊ लागले आणि मार्च संपता संपता नळ पूर्ण कोरडे पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले होते, हे अनेकांना आठवत असेल. मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्याच्या वसतिगृहात तेव्हा प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या साठेक मुली राहत होत्या. नळ बंद पडल्यावर वसतिगृहाची सगळी भिस्त आवारातील खोल बोअरवर आली. पिण्याचे पाणी जारमधून येई. आंघोळ, भांडी आणि धुणे मात्र बोअरच्याच पाण्यावर चालू लागले.

तीन आठवड्यांतच तक्रारी सुरू झाल्या. पांढरे गणवेश करडे दिसू लागले, टॉवेल वाळल्यावर पापडासारखे कडक होऊ लागले, न्हाऊन आल्यावरही केस चिकट राहू लागले आणि बादल्यांच्या आतल्या अंगाला बोटाने खरवडता येईल असा मेणचट राखाडी थर धरू लागला. चादरी आणि अभ्रे धुणाऱ्या मावशींना जो साबण महिनाभर पुरायचा, तो आता पंधरा दिवसही पुरेना. वसतिगृहात येणारा साबण गावातच तेलापासून तयार होणारा पिवळा साबण होता. त्याचे हातभर लांबीचे बार येत आणि मावशी ते तारेने कापून वड्या पाडत. सगळ्यांचा पहिला संशय या साबणावर गेला, हे साहजिकच होते. अधीक्षिकाबाईंनी पुरवठादार बदलला, पण दुसऱ्याचा साबणही तसाच वागला. मग प्रत्येकीने साबण अधिक लावायला सुरुवात केली आणि कपडे पूर्वीपेक्षा जास्त करडे झाले. येथपर्यंत आल्यावर मला बोलावणे आले.

धुण्याच्या दगडाशी उभ्या असलेल्या मावशींनी मला पाहताच एकच वाक्य सांगितले, “मॅडम, साबणात खोट नाही, हे पाणीच साबण खातंय.” पुढे जे काही मोजले आणि तपासले, ते या वाक्याचा अक्षरशः पुरावा ठरले. पण त्या दिवशी मला नेमकी दिशा दाखवली ती बारावीच्या एका मुलीने. तिने विचारले, “शाम्पूला फेस येतो मॅडम, मग साबणालाच का येत नाही? पाणी तर तेच आहे ना?” या प्रश्नात निदान जवळजवळ पूर्ण होते. पाणी एकच असूनही दोन पदार्थ त्यात वेगळे वागत असतील, तर फरक त्या पदार्थांच्या रेणूंमध्ये असला पाहिजे. आणि तोच साबण नळाच्या पाण्यात नीट चालत असेल, तर त्या रेणूंना या पाण्यात काहीतरी भेटत असले पाहिजे.

बाटल्यांची परीक्षा

आम्ही एकसारख्या तीन पारदर्शक बाटल्या घेतल्या. पहिलीत इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, दुसरीत बोअरचे पाणी आणि तिसरीत चिमूटभर धुण्याचा सोडा घालून, काही तास स्थिर ठेवून वरून ओतून घेतलेले बोअरचेच पाणी. पिवळा साबण किसून त्याचे पातळ द्रावण केले आणि ड्रॉपरने प्रत्येक बाटलीत थेंब थेंब टाकून बाटली जोराने हलवत गेलो. पहिल्या बाटलीत दोन-तीन थेंबांतच बोटभर फेस उभा राहिला आणि टिकला. दुसऱ्या बाटलीत पडलेला प्रत्येक थेंब आधी दुधासारखा पसरायचा आणि हलवल्यावर त्याच्या पांढुरक्या गुठळ्या व्हायच्या. दूध नासल्यावर पाणी आणि चोथा वेगळा दिसतो, तसे काहीसे ते दिसत होते. थेंबांमागून थेंब पडत राहिले, गुठळ्या वाढत राहिल्या, पण फेस आला की मिनिटाभरात विरून जायचा. बऱ्याच वेळाने तो टिकला, तेव्हा बाटलीच्या काचेवर तोच मेणचट थर चढला होता जो बादल्यांना होता. तिसऱ्या बाटलीत फेस यायला पहिलीपेक्षा थोडे अधिक थेंब लागले, पण गुठळ्या नाममात्रच होत्या.

ही परीक्षा माझ्या कल्पनेतून आलेली नाही. थॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पाण्याचे दुष्फेनत्व, म्हणजे साबणाला फेस येऊ न देण्याचा जडपणा, मोजायला हीच रीत वापरली होती. ठरावीक साबण-द्रावणाचे किती थेंब पडल्यावर फेस टिकतो, एवढेच त्यात पाहायचे असते. मुलींना ही परीक्षा स्वतःच्या हाताने करता आली, म्हणून तिचे मोल मला पुढच्या नेमक्या मापनापेक्षाही जास्त वाटते. ते मापन प्रयोगशाळेत ईडीटीए या कॅल्शिअम-मॅग्नेशिअमला धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या अनुमापनाने, म्हणजे त्याचे द्रावण थेंब थेंब मोजून घालून, केले. शंकूपात्रातील द्रावण दारूसारख्या लाल रंगावरून निळे होईपर्यंत ब्युरेट चालवायचे. आमच्या बोअरचे दुष्फेनत्व, कॅल्शिअम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरला 600 मिलिग्रॅमच्या आसपास भरले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतले जाते. म्हणजे आमचे पाणी चालवून घेण्याच्या शेवटच्या पायरीवर होते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील खनिजे झिजत राहतात आणि त्यांतील कॅल्शिअम व मॅग्नेशिअम पाण्यात उतरत राहते. पाणी खडकाच्या भेगांत जितका काळ मुरून राहील, तितका हा साठा वाढतो, आणि उन्हाळ्यात खोलवरून उपसलेले पाणी बहुधा असेच दीर्घकाळ मुरलेले असते.

रेणू कोणते काम आधी करतो

साबणाचा रेणू लांब शेपटीच्या बारीक टाचणीसारखा डोळ्यांपुढे आणावा. शेपटी म्हणजे सोळा-अठरा कार्बन अणूंची साखळी. ती तेलाच्या जातीची असल्यामुळे तिला जलविरोधी म्हणतात. डोके म्हणजे ऋण भार असलेला कार्बोक्सिलेट गट. तो पाण्यात रमतो. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. त्यांच्या मध्ये ही तेलकट शेपटी आली की त्यांना तिच्याभोवती अवघडून, शिस्तीने उभे राहावे लागते. ती अडचण टाळायची तर शेपट्यांनी पाण्यातून बाहेर पडले पाहिजे, आणि त्यासाठी सर्वांत जवळची जागा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. तेथे डोके पाण्यात आणि शेपटी हवेत, अशी या रेणूंची दाट रांग लागते. पाण्याचा पृष्ठताण सामान्य तापमानाला मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो; ही रांग पूर्ण भरली की तो जवळपास निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. कापडाच्या धाग्यांत न शिरता वर मण्यांसारखे राहणारे पाणी मग सहज आत शिरते.

पृष्ठभागाची ही जाण प्रथम नेमकेपणाने मांडणाऱ्यांत आग्नेस पोकेल्स या जर्मन स्त्रीचे नाव घ्यावे लागते. त्यांना विद्यापीठात शिकायला मिळाले नाही. ब्राउनश्वाइगमधील आपल्या घरी, स्वयंपाकघर सांभाळताना, खरकट्या भांड्यांच्या पाण्यावरील तवंगाकडे पाहून त्यांनी पत्र्याचे एक लांबट पात्र तयार केले. त्यातील पाण्याच्या पृष्ठभागाची लांबी पट्टी सरकवून कमी-जास्त करता येई आणि पृष्ठताण तराजूने मोजता येई. 1891 मध्ये त्यांनी इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले आणि रॅले यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आणले. आमच्या मुलींना हे सांगताना मला मुद्दाम थांबावेसे वाटले, कारण धुणेभांडी हा विज्ञानाचा विषय होऊ शकतो, हे त्यांना पटवण्यासाठी याहून सरळ उदाहरण माझ्याकडे नाही.

शेपट्यांसाठी दुसरी जागाही असते. पृष्ठभागावरील जागा भरत आली आणि तरीही रेणू पाण्यात येत राहिले, तर ते पाण्याच्या आतच एकत्र येऊन गोळे करतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. आतल्या शेपट्यांना पाण्याचा स्पर्शच नाही. या गोळ्यांना मायसेल म्हणतात. साबणाच्या द्रावणातून वीज अपेक्षेपेक्षा चांगली वाहते, या निरीक्षणावरून ब्रिस्टल विद्यापीठातील जेम्स मॅकबेन यांनी 1913 मध्ये ही कल्पना मांडली. सोडिअम डोडेसिल सल्फेट या अपमार्जकाचा (डिटर्जंटचा) अभ्यास सर्वांत जास्त झालेला आहे. त्याच्या एका मायसेलमध्ये साठेक रेणू असतात आणि त्याचा व्यास सुमारे 4 नॅनोमीटर असतो. हे गोळे कायमचे नसतात. एखादा रेणू काही मायक्रोसेकंदांतच एका गोळ्यातून निसटून दुसऱ्यात जातो, आणि अख्खे गोळेही मोडत व पुन्हा जमत राहतात. गोळे जमू लागण्याची एक ठरावीक संहती, म्हणजे पाण्यातील प्रमाण, असते. या अपमार्जकाच्या बाबतीत शुद्ध पाण्यात ती लिटरला सुमारे 2.4 ग्रॅम आहे. पाण्यात क्षार असतील तर ती बरीच खाली येते, कारण ऋण भाराची डोकी एकमेकांना दूर लोटतात, ते लोटणे क्षारांतील धन आयनांमुळे, म्हणजे धन भार असलेल्या कणांमुळे, मवाळ होते.

आता आमच्या बोअरचे पाणी. पृष्ठभागावर जाणे, मायसेल करणे, तेलाला वेढणे ही सगळी कामे रेणूपुढे असतात, पण त्या सर्वांच्या आधी त्याला कॅल्शिअमचा आयन गाठतो. साबणातील सोडिअमवर एक धन भार, कॅल्शिअमवर दोन. दोन साबण-रेणूंची डोकी एका कॅल्शिअमला चिकटली की तयार होणारा पदार्थ पाण्यात विरघळतच नाही. तीच बाटलीतील गुठळी, तोच बादलीतील थर आणि तोच टॉवेलचा कडकपणा. हा व्यवहार इतका एकतर्फी असतो की कॅल्शिअम संपेपर्यंत पृष्ठभागाच्या वाट्याला फारसे काही येत नाही.

किती साबण असा जातो, हे फळ्यावर मांडून पाहिले. लिटरला 600 मिलिग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट म्हणजे 6 मिलिमोल (मोल हे रेणू-आयनांची संख्या मोजण्याचे एकक) कॅल्शिअम. प्रत्येक आयनाला दोन रेणू, म्हणजे 12 मिलिमोल साबण. साबण म्हणून सोडिअम स्टीअरेट धरले तर ते सुमारे 3.7 ग्रॅम होते. वीस लिटरच्या बादलीला हा हिशेब 73 ग्रॅमवर जातो, आणि तोही शुद्ध साबणाचा. वडीत पाणी आणि इतर पदार्थ असतात, तेव्हा प्रत्यक्षात वडीचा त्याहून मोठा तुकडा लागतो. म्हणजे एका बादलीतला मळाचा एकही कण हलण्याआधी जवळपास अर्धी वडी केवळ पाण्याचे देणे फेडण्यात जात होती. तुलनेसाठी आणखी एक आकडा मांडला. बादलीच्या तोंडाएवढा पाण्याचा उघडा पृष्ठभाग रेणूंच्या एकेरी रांगेने भरायला मिलिग्रॅमचा दहावा भागही पुरतो. रांग टिकण्यासाठी आतल्या पाण्यातही पुरेसे रेणू असावे लागतात आणि कापडाचे पृष्ठ बादलीच्या तोंडापेक्षा कितीतरी मोठे असते, हे खरे. तरीही हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा वर्ग बराच वेळ गप्प होता.

खळबळताना होणारे नुकसान

येथपर्यंतचे स्पष्टीकरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. एक गोष्ट मात्र त्यातून उलगडत नव्हती. साबण भरपूर घातल्यावर, कॅल्शिअमचे देणे फेडून झाल्यावर, फेस तर येत होता. मग कपडे अधिक करडे का होत होते? उत्तर मावशींच्या कामाकडे तासभर पाहिल्यावर मिळाले. त्या साबण लावून कपडा चांगला चोळत, घासत, पिळत आणि मग तो ताज्या पाण्याच्या बादलीत खळबळत. ताजे पाणी म्हणजे पुन्हा पुरेपूर कॅल्शिअम. पिळलेल्या कपड्याच्या धाग्यांत साबणाचे जे पाणी अडकून राहिलेले असे, त्यात भरपूर साबण आणि सुटून आलेला मळ, दोन्ही असत. खळबळताक्षणी तो साबण धाग्यांच्या आतच साकळे आणि मळालाही सोबत घेऊन तेथेच बसे. साबण जितका जास्त, तितका धाग्यात अडकलेला साबण जास्त, आणि खळबळण्यात तयार होणारा साकाही जास्त. दोन वेळा अधिक खळबळल्याने तो निघत नाही, कारण तो पाण्यात विरघळणारा नाही. दुष्काळात पाणी जपून वापरायचे असताना मुली एकेका गणवेशासाठी तीन-चार बादल्या ओतत होत्या आणि तो साका तसूभरही हलत नव्हता. या सबंध प्रकरणात मला सर्वांत जास्त वाईट याचे वाटले.

दुसरी गुंतागुंत पावडरची होती. काही मुलींनी घरून धुण्याची पावडर आणली होती. पावडरमधील मुख्य अपमार्जक बहुधा सरळ साखळीचे अल्किलबेंझीन सल्फोनेट असते. त्याचे डोके कार्बोक्सिलेट नसून सल्फोनेट असते आणि त्याचा कॅल्शिअमशी होणारा क्षार साबणाच्या क्षाराइतका हट्टी नसतो. मायसेल असतील तर त्यांच्या आधाराने तो बऱ्याच अंशी द्रावणात राहतो. शाम्पूतील अपमार्जकाचे डोके तर कॅल्शिअमला आणखीच कमी जुमानते. बारावीच्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. तरीही पावडर वापरणाऱ्या मुलींचीही तक्रार होतीच की फेस टिकत नाही. त्या आधी कॉलर आणि बाह्यांना पिवळी वडी घासत आणि मग कपडा पावडरच्या पाण्यात भिजत घालत. वडीच्या साबणाचे कॅल्शिअमशी झालेले बारीक, पाण्याने न भिजणारे कण फेसाच्या पातळ पडद्यात शिरले की पडदा फुटतो. फेस मारण्यासाठी हे कण इतके गुणकारी असतात की यंत्रात वापरायच्या काही पावडरींमध्ये फेस आवरण्यासाठी मुद्दाम थोडा साबण घालतात. मुलींना मात्र फेस बसलेला दिसला की पावडर कमी पडली असे वाटे आणि त्या आणखी एक मूठ टाकत.

फेस आणि धुणे यांचा संबंध आपल्या मनात फार घट्ट बसलेला आहे. फेस दिसला म्हणजे पृष्ठभागावर रेणू आहेत, एवढेच खात्रीने म्हणता येते. मळ सुटतो तो कापडाच्या धाग्यापाशी. हे दाखवण्यासाठी एका पांढऱ्या चिंधीवर जेवणातील तर्रीचा एक थेंब लावला आणि चिंधी काचेच्या भांड्यात, पावडरच्या निवळ पाण्यात, न हलवता बुडवून ठेवली. भिंगातून पाहताना तेलाचा पसरलेला डाग कडेने आत आत सरकू लागला, फुगीर झाला, काही वेळाने त्याचा गोल थेंब झाला आणि कापड जरा हलवताच तो सुटून वर तरंगला. भांड्यात फेसाचा एक बुडबुडाही नव्हता. रेणू तेल आणि धागा यांच्या सांध्यावर जाऊन बसतात, शेपटी तेलाकडे आणि डोके पाण्याकडे करतात, आणि धाग्यावर तेलाऐवजी पाण्याला पाय रोवू देतात. सुटलेल्या थेंबावर ऋण भाराच्या डोक्यांचे कवच चढते. सुती धाग्यावरही पाण्यात ऋण भारच असतो, म्हणून थेंब पुन्हा कापडावर बसत नाही. अगदी बारीक तेल मायसेलच्या पोटात सामावते. हळदीचा पिवळा डाग मात्र तसाच राहिला. तो रंग धाग्याला धरून बसतो आणि त्याचे औषध वेगळे.

किती पावडर पुरे

हा प्रश्न मुलींनीच सोडवला, तोही ड्रॉपर घेऊन. एकाच ड्रॉपरमधून सावकाश पडणाऱ्या थेंबाचे वजन पृष्ठताणावर ठरते. ताण कमी झाला की थेंब लहान होतो आणि तेवढ्याच पाण्याचे अधिक थेंब पडतात. ताण निम्मा झाला तर थेंब साधारण दुप्पट व्हायला हवेत. त्यांनी पावडरचे वाढत्या प्रमाणात द्रावण केले आणि प्रत्येकाच्या पाच मिलिलिटरचे थेंब मोजून वहीत मांडले. सुरुवातीला प्रत्येक वाढीबरोबर थेंबांची संख्या भराभर वाढत गेली, मग एका टप्प्यावर आलेखाची रेघ आडवी झाली. त्यापुढे पावडर दुप्पट केली तरी थेंब तेवढेच. पृष्ठभागावरची जागा भरली होती आणि पुढचे सगळे रेणू मायसेलमध्ये जात होते.

त्या टप्प्याला थांबावे, असे मी त्यांना सांगितले नाही, कारण ते बरोबर झाले नसते. तेल पोटात घेण्याचे काम मायसेल करतात आणि कापड व मळही रेणू अडवून ठेवतात, तेव्हा थोडे पुढे जावेच लागते. पण थोडे पुढे जाणे म्हणजे मुठीवर मूठ टाकणे नव्हे. एका पत्र्याच्या पेल्यावर खिळ्याने खूण करून दिली. बहुतेक मुली त्या खुणेच्या दुपटी-तिपटीने पावडर घेत होत्या. गरजेहून जास्त घेतलेली पावडर शेवटी खळबळून काढण्यासाठीच पाणी मागते, आणि आमच्याकडे पैशापेक्षा पाणी जास्त दुर्मीळ होते.

पिंपाची योजना

साबण पूर्ण सोडून पावडर वापरणे हा एक मार्ग होता, पण चादरींसाठी ती महाग पडत होती आणि मावशींच्या हातांना सोसत नव्हती. पाणी उकळण्याचा सल्ला सुरुवातीला मीच दिला होता. एक पातेले उकळून पाहिले, तळाशी पांढरा साका बसला, पण बाटलीच्या परीक्षेत थेंबांचा आकडा थोडाच खाली आला. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे असलेले दुष्फेनत्व तेवढे जाते. आमच्या पाण्यातले बरेचसे तसे नव्हते. गॅसचा खर्च पाहता तो सल्ला मी मागे घेतला.

शेवटी जे टिकले ते धुण्याच्या सोड्याचे पिंप. 200 लिटरच्या पिंपाला तळापासून वीतभर उंचीवर तोटी बसवली. संध्याकाळी पिंप बोअरच्या पाण्याने भरायचे, त्यात सुका सोडा सुमारे 130 ग्रॅम विरघळवून घालायचा, बांबूने नीट ढवळायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे. सोड्यातील कार्बोनेट कॅल्शिअमला धरून खाली बसवते आणि सकाळी तोटीतून निवळ पाणी मिळते. स्फटिकरूप खडा सोडा असेल तर त्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणीच असते, म्हणून तो 350 ग्रॅमच्या आसपास लागतो. पहिल्याच आठवड्यात दुकानदाराने एकाऐवजी दुसरा दिल्यामुळे हिशेब चुकला होता, म्हणून हे मुद्दाम लिहिते. सोडा कपड्यांबरोबर थेट बादलीत टाकला तर खाली बसणारा साका कपड्यांवरच बसतो, त्यामुळे पिंपात आधीच निवळून घेणे हा या योजनेचा गाभा आहे. मॅग्नेशिअम कार्बोनेटने तितकेसे खाली बसत नाही, म्हणून पिंपाचे पाणी ऊर्ध्वपातित पाण्यासारखे कधीच झाले नाही, आणि तशी गरजही नव्हती.

सर्वांत मोठा फरक पडला तो पिंपाचे पाणी कोठे वापरायचे हे ठरवल्यामुळे. साबण लावण्यासाठी तर ते हवेच, पण पहिले खळबळणेही त्याच पाण्यात करायचे, आणि बोअरचे साधे पाणी फक्त शेवटच्या खेपेला. धाग्यातला साबण पहिल्या खेपेतच सुटून निघून गेला की नंतर कॅल्शिअमला साकळवायला फारसे काही उरत नाही. चार बादल्यांचे काम दोन बादल्यांवर आले. आधीच कडक झालेले टॉवेल सोडा आणि पावडरच्या गरम पाण्यात दोनदा भिजवावे लागले. बादल्यांचा थर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने सैल झाला. आम्लामुळे कॅल्शिअम सुटते आणि मागे उरलेले मेदाम्ल पावडरने घासून निघते. करडे झालेले जुने गणवेश बरेच उजळले, पण सगळे पूर्ववत झाले असे म्हणता येणार नाही.

दोन अडचणी शिल्लक राहिल्या. सोड्याच्या पाण्याने मावशींच्या बोटांना भेगा पडू लागल्या. रबरी हातमोजे आणून दिले, पण त्यात कपड्याचा अंदाज येत नाही म्हणून त्या ते काढून ठेवत. शेवटी सोडा काटेकोर मोजून घालणे आणि काम झाल्यावर खोबरेल लावणे यावर भागले. दुसरी अडचण आवारातील झाडांची. धुण्याचे पाणी पपई आणि शेवग्याच्या आळ्यांत सोडायची जुनी पद्धत होती. कॅल्शिअमच्या जागी आता त्या पाण्यात सोडिअम जात होते आणि काळ्या मातीला सोडिअम सोसत नाही. तिचे बारीक कण सुटे होतात, भिजल्यावर माती चोपण होते आणि पाणी मुरेनासे होते. म्हणून पिंपाच्या पाण्याचे सांडपाणी आम्ही वेगळ्या चरातून गटाराकडे वळवले आणि शेवटच्या खेपेचे, जवळजवळ निव्वळ बोअरचे पाणी तेवढे झाडांना ठेवले. गटारात गेलेल्या अपमार्जकाची काळजीही मुलींनी विचारली होती. 1950 च्या दशकात इंग्लंड आणि जर्मनीतील नद्यांवर फेसाचे ढीग साचत, कारण तेव्हाच्या अपमार्जकांच्या शेपट्या फांद्यांच्या होत्या आणि जिवाणूंना त्या नीट तोडता येत नसत. 1960 च्या दशकात सरळ साखळीचे रेणू आल्यावर तो प्रश्न पुष्कळ हलका झाला. सरळ शेपटी जिवाणू एका टोकाकडून कुरतडत जातात, पण त्यासाठी पाण्यात प्राणवायू असावा लागतो, आणि आमच्या तुंबलेल्या गटारात तो असण्याची शक्यता कमीच होती.

जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि वसतिगृहाच्या पत्र्यावरचे पाणी पन्हळीतून पिंपात साठू लागले. पहिल्या दिवशी मावशींनी सवयीने तेवढाच साबण लावला, तर फेस दगडावरून ओसंडून थेट ओट्याच्या पायरीपर्यंत आला. मुलींची त्या दिवशीची तक्रार नवीनच होती. कितीही पाणी घेतले तरी हात बुळबुळीतच राहतात, म्हणजे साबण निघतच नाही, असे त्यांना वाटत होते. पावसाच्या पाण्यात कॅल्शिअम जवळजवळ नसते, त्यामुळे त्वचेवरचा साबण साकळत नाही आणि त्याचा निसटता थर शेवटपर्यंत जाणवत राहतो; बोअरच्या पाण्यात हात चटकन कोरडे व खरखरीत लागायचे ते साबण निघून गेल्यामुळे नव्हे, तर तो हातावरच साकळल्यामुळे. हे समजल्यावर मावशींनी माझ्याकडून खिळा मागून घेतला आणि पेल्यावर जुन्या खुणेच्या बरीच खाली दुसरी खूण केली. वरच्या खुणेशेजारी त्यांनी एका मुलीकडून ‘बोअर’ असे कोरून घेतले आणि खालच्या खुणेशेजारी ‘पाऊस’.